प्रकाशलेखनाचे सहा धडे

'फोटोग्राफी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असा आहे. आपल्या भाषेत तिला छायाचित्रण हे नाव रूढ झाले आहे, व ते सुरेखही आहे. तथापि शिकविण्याच्या दृष्टीने 'प्रकाशलेखन' हा शब्द आम्हांस अधिक उपयोगी वाटतो. कारण लेखन म्हटले म्हणजे अक्षरओळख आली, शुद्धलेखन आले, आणि जे लिहिले त्याची जबाबदारीही आली. आज मोबाइलच्या रूपाने कॅमेरा बहुतेक घरांत जाऊन पोहोचला आहे. बोट टेकले की चित्र तयार! परंतु हाती लेखणी आली म्हणजे कोणास निबंध लिहिता येतो असे नाही. म्हणून मुले व त्यांचे पालक यांनी एकत्र बसून करावयाच्या सहा धड्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत. सहा शनिवार त्यांस पुरे होतात. दोघांनी एकत्र बसावे असे आम्ही म्हणतो याचे कारण असे की, मुलास यंत्राची कळ लवकर समजते, पण चित्रातील माणसे कोण व ती कोठली, हे घरातील वडीलधाऱ्यांसच ठाऊक असते.

हा अभ्यास आपल्या प्रांती नवा नव्हे. दागेर या फ्रेंच गृहस्थाची कृती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गात शिकले व पुढे त्यांनी हाच व्यवसाय केला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून छायाचित्रण करीत. त्या काळी ही विद्या कष्टाची होती. १८५१ साली निघालेल्या आर्चर यांच्या रीतीप्रमाणे काचेवर रसायनाचा लेप द्यावा, तो ओला असतानाच चित्र घ्यावे, आणि वाळण्यापूर्वीच ते धुऊन पक्के करावे, असा सारा खटाटोप असे. पुढे १८८८ साली ईस्टमन यांनी शंभर चित्रे मावणारा कोडॅक कॅमेरा काढला, आणि १९०० साली मुलांसाठी म्हणून अवघ्या एक डॉलरचा 'ब्राउनी' विक्रीस आणला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या इंजिनियराने बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यास दहा हजार ठिपक्यांचे एक चित्र फितीवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. आज खिशातील यंत्र कोट्यवधी ठिपके क्षणात टिपते. कष्ट गेले हे चांगलेच झाले. पण कष्टांबरोबर विचारही गेला असेल तर तो परत आणावयास हवा.

पहिला धडा : काळोखी खोली

ज्या वर्गखोलीच्या खिडकीसमोर ऊन पडलेले झाड किंवा इमारत असेल अशी खोली निवडावी. सर्व खिडक्या व दारे जाड काळ्या कागदाने बंद करावी. एका खिडकीच्या कागदास सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे वाटोळे छिद्र पाडावे व त्याच्यासमोर दीड-दोन मीटरांवर एक पांढरी चादर ताणून धरावी. मग सर्वांनी पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसावे. डोळे अंधारास सरावले की चादरीवर बाहेरचे झाड दिसू लागते. त्याचा शेंडा खाली व बुंधा वर असतो. आणि रस्त्याने रिक्षा उजवीकडे गेली तर चादरीवर ती उलट बाजूस जाताना दिसते. हे दृश्य पाहून लहानांइतकीच मोठी माणसेही चकित होतात.

याचे कारण अगदी सरळ आहे, आणि तेही शब्दशः. प्रकाश सरळ रेषेत जातो. शेंड्याकडून येणारा किरण छिद्रातून खाली उतरतो व बुंध्याकडून येणारा वर चढतो; म्हणून चित्र उलटे पडते. बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम या विद्वानाने अकराव्या शतकातच छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला होता. आपल्या डोळ्याच्या आतील पडद्यावरही चित्र असेच उलटे पडते.

येथे थोडे गणित करावे. झाडाची उंची सहा मीटर, खिडकीपासून त्याचे अंतर वीस मीटर, आणि छिद्रापासून चादरीचे अंतर दोन मीटर असेल, तर चित्राची उंची किती? सहास दोनने गुणून वीसने भागावे : उत्तर साठ सेंटिमीटर. मुलांनी चादरीवर पट्टी लावून हे पडताळावे. नंतर छिद्र निम्मे लहान करावे. चित्र अधिक रेखीव होते, परंतु अंधुक होते. या देवाणघेवाणीची गाठ तिसऱ्या धड्यात पुन्हा पडेल.

घरी हाच प्रयोग दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्याने करता येतो. तळाला सुईने छिद्र पाडावे, तोंडास पातळ तेलकागद ताणून बांधावा, आणि डोक्यावर चादर घेऊन कागदाकडे पाहावे. मात्र सूर्याकडे डोळे लावून कधीही पाहू नये. त्याने दृष्टीस कायमची इजा होते.

दुसरा धडा : उन्हाची छपाई

काळोख्या खोलीतील चित्र सुंदर खरे, पण खिडकी उघडताच ते नाहीसे होते. ते कायम कसे राखावे हाच पुष्कळ काळपर्यंत प्रश्न होता. इंग्लंडात टॅल्बट यांनी १८३५ साली आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे लहानसे चित्र कागदावर उतरविले. त्यात उजेडाची जागा काळी व काळोखाची जागा पांढरी झाली होती. अशा उलट्या चित्रावरून कितीही सुलटी चित्रे छापता येतात हा त्यांच्या रीतीचा मोठा लाभ. सर जॉन हर्शेल यांनी या दोहोंस निगेटिव्ह व पॉझिटिव्ह ही नावे दिली. याच हर्शेल साहेबांनी १८४२ साली निळ्या छपाईची रीत शोधली. त्याच वर्षी अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' पत्राचा आरंभ झाला, हे ध्यानात ठेवल्यास आपल्या मुलांस तो काळ जवळचा वाटेल. पुढील वर्षापासून ॲना ॲटकिन्स या विदुषीने समुद्रशैवालांच्या निळ्या छापांचे पुस्तक भागाभागांनी काढण्यास प्रारंभ केला. छायाचित्रांनी सजलेल्या पुस्तकांत ते पहिले गणले जाते.

कृती अशी. शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. मंद उजेडाच्या खोलीत दोन्ही सारख्या प्रमाणात एकत्र करून कुंचल्याने जाड कागदावर पातळ लेप द्यावा व अंधारात वाळू द्यावा. मग त्यावर शेवग्याची डहाळी, नेचा किंवा गुलमोहराचे पान ठेवून वरून काच दाबावी व उन्हात ठेवावे. दुपारच्या कडक उन्हात दहा मिनिटांच्या आसपास उघडा भाग करडा पडतो. तेव्हा कागद आत आणून, पिवळेपणा जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावा. गडद निळ्या पटावर पानाची पांढरी आकृती उमटते, तिच्या शिरांसह.

असे का होते? ऊन लागलेल्या जागी लोहाच्या क्षाराचे रूप पालटते व दुसऱ्या द्रव्याशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा निळा रंग बनतो. पानाखालच्या जागी ऊन पोहोचत नाही, म्हणून तेथील लेप पाण्याबरोबर निघून जातो.

रसायने पालकांनी वा शिक्षकांनीच मिसळावी, हातमोजे घालावे, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, त्यांत कोणतेही आम्ल मिसळू नये, बाटल्यांवर नावे लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या.

तिसरा धडा : तीन मापे

घागर भरण्यास किती वेळ लागेल हे नळ किती सोडला आहे यावर अवलंबून असते. तोटी मोठी असेल तर थोडा वेळ पुरतो. धार बारीक असेल तर उभे राहावे लागते. प्रकाशाचेही असेच आहे. कॅमेऱ्याच्या भिंगामागील छिद्र ही तोटी, आणि झडप उघडी राहण्याचा काळ हा वेळ. घागर केवढी आहे हे तिसरे माप. त्यास संवेदनशीलता म्हणतात व ते आयएसओ अंकाने दाखवितात. हा अंक वाढविला म्हणजे जणू घागर लहान होते : थोड्या प्रकाशात काम भागते, पण चित्रात खरखरीत कण दिसू लागतात.

छिद्राचे अंक विद्यार्थ्यांस प्रथम उलटे वाटतात. भिंगाचे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे तो अंक येतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर असेल तर अंक २. अर्थात अंक मोठा तितके छिद्र लहान. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. भर उन्हात छिद्राचा अंक १६, संवेदनशीलता १०० आणि काळ सुमारे एक-शतांश सेकंद, हा जुन्या छायाचित्रकारांचा तोंडपाठ नियम आजही खरा ठरतो.

काळाचे महत्त्व धावण्याच्या शर्यतीत कळते. सेकंदास चार मीटर या वेगाने धावणारा मुलगा सेकंदाच्या तिसाव्या भागात सुमारे तेरा सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून चित्र फरकटते. पाचशेव्या भागात तो केवळ आठ मिलिमीटर सरकतो, म्हणून जागच्या जागी गोठल्यासारखा दिसतो. मोबाइल ही मापे आपली आपण ठरवितो. परंतु त्याने काय ठरविले हे ज्यास समजते, तोच त्याची चूक सुधारू शकतो. ती चूक कोणती, हे पुढील धड्यात सांगतो.

चौथा धडा : चेहऱ्यावरील उजेड

पुष्कळ घरांत असा अनुभव येतो की, पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे किंवा उजळ आकाशापुढे उभ्या केलेल्या मुलीचे चित्र घेतले तर तिचा चेहरा काळवंडतो. मग कोणी तरी हसून म्हणतो, "हिचा फोटो चांगला येतच नाही." पालकहो, हे वाक्य आपल्या घरातून कायमचे घालवावे अशी आमची कळकळीची विनंती आहे. दोष चेहऱ्याचा नसतो, मापाचा असतो. यंत्र असे धरून चालते की, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे. भिंत फार उजळ असली की ते सारेच चित्र गडद करते, आणि सावळ्या चेहऱ्यावरील तेज त्यात बुडून जाते. पूर्वी परदेशी प्रयोगशाळांत रंगीत छपाईचे माप बसविण्यासाठी गोऱ्या स्त्रीच्या चित्राचा नमुना ठेवीत. त्यामुळे सावळ्या वर्णास त्या छपाईत न्याय मिळत नसे. मनुष्याने बनविलेल्या मापातही मनुष्याचा पक्षपात शिरतो, तो असा.

उपाय सोपे आहेत. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकावे, म्हणजे यंत्र भिंतीऐवजी चेहऱ्याचे माप घेते. भर बारा वाजता डोळ्यांखाली काळी सावली पडते. म्हणून सकाळ वा सायंकाळ निवडावी, किंवा दाराच्या आत, उंबरठ्याजवळ बसवावे. खिडकीचा उजेड बाजूने घ्यावा. लहान मुलाचे चित्र घेताना मोठ्यांनी गुडघ्यावर बसावे, नाही तर नुसते डोके मोठे व पाय लहान दिसतात. चित्र जवळून हवे असेल तर पडदा ताणण्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

या धड्याचा प्रयोग असा करावा. मुलाने आपल्या आईचे व आईने मुलाचे चित्र त्याच जागी तीन प्रकारे घ्यावे : खिडकीकडे तोंड करून, पाठ करून, आणि बाजू करून. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावी. एकच माणूस तीन माणसांसारखा दिसतो, हे पाहिल्यावर 'फोटो चांगला येत नाही' या वाक्याचा पोकळपणा व्याख्यानाशिवाय समजतो.

पाचवा धडा : समोरचा माणूस

चार धड्यांत यंत्र व उजेड झाले. आता ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याचा विचार. कवायतीत एखादा मुलगा पडतो, त्याच्या सदऱ्यास चिखल लागतो, आणि कोणी तरी त्या क्षणाचे चित्र घेऊन सायंकाळपर्यंत साऱ्या वर्गात फिरविते. घेणाऱ्यास वाटते, ही थट्टा. परंतु पडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. चिखल धुतला जातो; फिरलेले चित्र परत घेता येत नाही. म्हणून आम्ही वर्गात एकच नियम फळ्यावर लिहितो : जे चित्र त्या माणसाच्या आईसमोर दाखविता येणार नाही, ते घेऊ नये, व दुसऱ्याने घेतले तर पुढे पाठवू नये. दुसऱ्यांनी आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते तसे आपणही त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण कॅमेऱ्यासही लागू आहे. पालकांसही याच नियमात आम्ही धरतो. मुलांची गणवेशातील चित्रे शाळेच्या नावासह जगापुढे मांडण्यापूर्वी त्यांनी दोनदा विचार करावा, आणि मुलगा समजता असेल तर त्यास विचारावे.

यावरून कष्टकऱ्यांचे वा दुःखितांचे चित्र घेऊच नये असे मात्र नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे चित्रित केले. ज्या कामाकडे शहर पाठ फिरविते ते त्यांनी शहरास दाखविले. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. दया दाखवून दुरून घेतलेले चित्र व ओळख करून घेऊन जवळून घेतलेले चित्र यांतील अंतर मुलांस अशा उदाहरणांतून दाखवावे.

मुलींसाठी होमाई व्यारावाला यांचे नाव सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या व कॅमेऱ्याचे शिक्षण त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्यापाशी घेतले; पुढे त्यांच्याशीच त्यांचा विवाह झाला. आरंभीची त्यांची काही चित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. तीच बाई पुढे भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावली, व २०११ साली तिला पद्मविभूषण देण्यात आले. चित्राखाली घेणाऱ्याचे खरे नाव लिहावे, हा धडाही त्यातून मिळतो.

सहावा धडा : नावे

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने घरातील सर्वांत जुनी तसबीर व घरातील सर्वांत वडील माणूस, अशी दोन्ही वर्गात आणावी. या दिवशी कॅमेऱ्यास सुट्टी असते.

अशाच एका वर्गात एक आजीबाई नातवाबरोबर आल्या होत्या. तसबीर एका लग्नाची होती व तीत तेरा माणसे होती. आजीबाईंनी बोट ठेवून एकेकाचे नाव, गाव व नाते सांगितले. नातू वहीत अंक घालून लिहीत गेला. अकरा नावे झाली. मागच्या रांगेतील दोन मुली मात्र त्यांस काही केल्या ओळखू येईनात. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "आमच्या थोरल्या ताईला ठाऊक होतं रे. मागच्या वर्षी विचारायला हवं होतं." ताई त्या वर्षीच वारल्या होत्या. नातवाने वहीत बारा व तेरा हे अंक घातले व त्यांच्यापुढील जागा कोरी ठेवली.

विद्यार्थिमित्रहो, रसायन, भिंग व यंत्र यांनी चेहरा राखला. नाव मात्र कोणत्याही यंत्राने राखले नाही. ते माणसाने माणसास विचारावे लागते, आणि विचारण्यास मुदत असते. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. तसबिरीस कडेने धरावे. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव व साल लिहावे. बॉलपेनाने लिहू नये, कारण त्याचा दाब पुढे उमटतो व शाई पसरते. चिकट पानांच्या अल्बमांत जुन्या तसबिरी ठेवू नयेत; डिंकाने त्या खराब होतात. पावसाळ्यात दमट भिंतीवर टांगलेल्या तसबिरीस बुरशी लागते. ती काढून कोरड्या जागी ठेवावी. मोबाइलमधील चित्रांसही हाच न्याय. यंत्र हरवले वा पाण्यात पडले म्हणजे वर्षाची चित्रे एका क्षणात जातात. म्हणून निवडक चित्रांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या, व दर वर्षी निदान बारा चित्रे कागदावर छापून त्यांमागे नावे लिहावी.

अभ्यास

१. चार मीटर उंचीची भिंत छिद्रापासून सोळा मीटरांवर आहे व पडदा छिद्राच्या मागे एक मीटरावर आहे. चित्राची उंची काढा.

२. छिद्राचा अंक ८ वरून ५.६ केला. प्रकाश तेवढाच राहण्यासाठी झडपेचा काळ किती पटींनी बदलावा?

३. निळ्या छपाईत पानाची जागा पांढरी का राहते, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. घरातील एका माणसाचे चित्र त्याची परवानगी मागून घ्या. परवानगी मागताना व देताना झालेले बोलणे दहा ओळींत लिहा. नकार मिळाल्यास तोच लिहा. त्यास गुण तितकेच आहेत.

५. (पालकांसाठी) आपल्या मुलाने घेतलेल्या चित्रांतून एक निवडा व ते का निवडले हे त्यास सांगा.

६. घरातील एका जुन्या तसबिरीतील सर्वांची नावे मिळवा. जे नाव मिळणार नाही त्याचा अंक घालून जागा कोरी ठेवा, आणि ते आणखी कोणास विचारता येईल त्या नातलगाचे नाव शेजारी लिहा. हे उत्तर शाळेत दाखविण्यापूर्वी त्या नातलगास भेटून या.